मऊ भात, मेतकूट, शिकरण : नेमकं कुठे चुकतं?

एकखांबी (प्रश्नकर्ता, कोथरूड)

नमस्कार. मेतकूट-तूप-मऊ भात आणि केळ्याची शिकरण हे पदार्थ वयाच्या पस्तिशीतही आठवड्यातून चार वेळा खावेसे वाटतात. ‘बरं नाहीये का?’ हा प्रश्न सोडून बाकी कसलंही उत्तर चालेल.

अडचणी तीन आहेत.

भात : इंद्रायणी तांदूळ, दुप्पट पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या. उघडल्यावर मऊ दिसतो, पण ताटात वाढून दहा मिनिटं झाली की गोळा होतो. पाणी वाढवलं तर शिट्टीतून पेज बाहेर येऊन ओट्यावर रांगोळी.

मेतकूट : घरी केलं की कडवट होतं, शिवाय टाळूला चिकटतं. विकतच्यात मीठ फार वाटतं, म्हणून घरीच करायचंय.

शिकरण : अर्ध्या तासात काळपट पडते आणि दूध फुटल्यासारखं दिसतं.

साधनं : इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर, छोटा मिक्सर, डिजिटल वजनकाटा. काटा आहे, त्यामुळे ‘अंदाजे’, ‘चवीनुसार’ आणि ‘लागेल तसं’ हे तीन शब्द कृपया टाळावेत.

मावळभात

दुप्पट पाण्यात मऊ भात होत नाही, गिचका भात होतो. दोन्ही चमच्यानं दाबले जातात म्हणून एकच वाटतात, पण मऊ भातात शीत फुटून त्याची खळ पाण्यात मिसळलेली असते. गिचक्यात शीत अख्खं राहतं आणि त्याला बाहेरून चिकटा येतो. तुमचा हा दुसरा प्रकार आहे. चिकटा जाड आणि पाणी कमी, त्यामुळे गार होताना तो थिजतो. तोच तुमचा गोळा.

खाली वाटी म्हणजे आमटीची, १५० मिलीची. त्यात तांदूळ साधारण १२५ ग्रॅम मावतो. पाण्याचा हिशेब असा : तिप्पट पाण्यात आसट भात, साडेचार ते पाचपट पाण्यात मऊ भात, आठपटीच्या पुढे पेज. गुरगुट्या म्हणतात तो मऊ भातच, फक्त उघड्या पातेल्यात गुरगुटत शिजलेला. त्यात वाफ जाते म्हणून पाणी सहापट धरायचं.

एका माणसाला अर्धी वाटी, म्हणजे ६० ग्रॅम इंद्रायणी पुरतो. दोनदा धुवा. तिसऱ्यांदा धुऊ नका, आपल्याला ती खळ हवी आहे. ३०० मिली पाणी, पाव चहाचा चमचा मीठ, चिमूटभर हिंग आणि अर्धा चहाचा चमचा तूप घालून अर्धा तास भिजू द्या. ते तूप चवीसाठी नाही, फेस दाबण्यासाठी आहे. तांदळाचा फेस चढतो आणि शिट्टीतून निघतो. याला तूप हा अर्धा इलाज. बाकी अर्धा इलाज भांड्याचा : तांदूळ थेट कुकरात शिजवू नका. आत बसेल अशा स्टीलच्या भांड्यात घ्या, भांडं निम्म्याच्या वर भरू नका, वर ताटली ठेवा. कुकरच्या तळाशी बोटभर पाणी आणि जाळी. ओटा स्वच्छ राहील.

आता शिट्ट्या. इंडक्शनवर शिट्ट्या मोजणं हे भातासाठी कुचकामी माप आहे. १८०० वॅटवर तीन लिटरचा कुकर पाचेक मिनिटांत चार शिट्ट्या देतो, तेवढ्यात शिताच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतही नाही. १२०० वॅटवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग ४०० वर आणून घड्याळ लावून बारा मिनिटं. बऱ्याच इंडक्शन शेगड्या खालच्या वॅटला सलग मंद चालत नाहीत, चालू-बंद होत राहतात. तुमची तशी असेल तर चौदा मिनिटं धरा. बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढलीत की आतलं पाणी एकदम उसळतं आणि भांड्यातली खळ ताटलीवर जाते.

सगळ्यांत जास्त चुकतं ते यापुढे. भात उघडल्या उघडल्या, कढत असताना घोटायचा. लाकडी रवी असेल तर उत्तम, नाहीतर डावाची पाठ. वीस-पंचवीस वेळा भांड्याच्या कडेला दाबत फिरवा. मग अर्धी वाटी उकळतं पाणी घालून पुन्हा पाच-सहा वेळा. पाणी उकळतंच हवं. गार पाणी घातलं की भात वेगळा आणि पाणी वेगळं, असं ताटात दिसतं. परीक्षा अशी : ताटात डावभर वाढला की आपोआप पसरला पाहिजे, पण कडेला पाणी सुटता कामा नये.

तांदळाविषयी दोन शब्द. इंद्रायणी मुळात आंबेमोहोरापासूनच काढलेलं वाण, १९८७ साली मावळातल्या भात संशोधन केंद्रातून आलेलं. मऊ भाताला दोन्ही चालतात, कारण दोन्ही मुळात चिकट. आंबेमोहोराचा वास सरस, पण त्या नावानं दुकानात मिळणारा सगळाच मुळशी-भोरकडचा नसतो, बराचसा दिसायला तसाच दुसरा बारीक तांदूळ असतो. डोळ्यांनी नाही कळत. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून हुंगा. बासमती किंवा कोलम या कामाचा नाही, कितीही शिजवा, शीत मोडतं पण लोण्यासारखं होत नाही. तांदूळ नवा असेल, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत बाजारात आलेला, तर वरच्या ३०० मिलीतलं ५० मिली पाणी कमी करा. नवा तांदूळ पाणी कमी पितो.

उत्तरदक्षिण

पुणे साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी शंभर नव्हे तर अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. त्यामुळे पुण्यात भात जरा जास्त वेळ शिजवावा लागतो, हे कुणी सांगत नाही.

मावळभात

@उत्तरदक्षिण, उघड्या पातेल्याला ते लागू आहे, आणि तिथेही फरक एक-दोन मिनिटांचा. कुकरात तापमान एकशे पंधराच्या वर जातं. गोळ्याचा दोष समुद्रसपाटीवर ढकलू नका.

जातंओवी

मेतकुटाचं मी सांगते. कडवटपणाची आणि टाळूला चिकटण्याची कारणं वेगवेगळी आहेत, एका उपायानं दोन्ही जाणार नाहीत.

कडू होतं ते मेथीमुळे. टाळूला चिकटतं ते हरभरा डाळ आतून कच्ची राहिल्यामुळे. बहुतेक लोक सगळं एकत्र कढईत ओततात. मग डाळ भाजली जाईपर्यंत मेथी जळते, आणि मेथी वाचवायला जावं तर डाळ कच्ची. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. यात पळवाट नाही.

साधारण पाव किलोचं माप, काट्यावर : हरभरा डाळ १०० ग्रॅम, उडीद डाळ ५०, तांदूळ २५, गहू २५, धणे १५, जिरे ५, मोहरी ३, मेथी ३ ग्रॅम. तीन सुक्या लाल मिरच्या, एक चहाचा चमचा सुंठपूड, एक चमचा हळद, अर्धा चमचा हिंग, जायफळ किसणीवर चार वेळा ओढून. मेथी तीन ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याला थोडी कमीच. काटा आहे तर तीनच ग्रॅम घ्या, ‘पौष्टिक असते’ म्हणून पाच घेऊ नका. मीठ अजिबात नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि मेतकूट सादळतं. मीठ भातात आहेच.

डाळी धुऊ नका. ओल्या फडक्यानं पुसून ताटात तासभर पसरल्या की पुरे.

जाड बुडाची कढई, आच मंद, तेल-तूप काही नाही. आधी गहू, तो तडतडायला लागून एक छटा गडद होईपर्यंत. मग तांदूळ, पांढराशुभ्र होऊन किंचित फुलेपर्यंत. मग हरभरा डाळ, हिला आठ ते दहा मिनिटं लागतात आणि इथेच घाई होते. रंगावर जाऊ नका, बाहेरून गुलाबी झाली तरी आत कच्ची असते. एक डाळ गार करून दाताखाली धरा : कट्कन तुटून पीठ झालं तर झाली, चिवट लागली किंवा दातात चिकटली तर आणखी दोन मिनिटं. उडीद डाळ पाच-सहा मिनिटं, खमंग वास येईपर्यंत. धणे दोन मिनिटं, जिरे एक. मोहरीचा पहिला दाणा उडाला की खाली.

मेथी सर्वांत शेवटी. कढई तापलेली असते, म्हणून आच बंद करून घाला आणि तिथेच हलवत राहा, चाळीस ते पन्नास सेकंद. पिवळ्याची सोनेरी झाली की ताटात. तांबूस होऊ लागली तर ती तेवढी टाकून द्या आणि नवी तीन ग्रॅम भाजा. तीन ग्रॅम मेथी वाचवायला जाऊन पाव किलो मेतकूट घालवू नये. मिरच्या त्याच गरम कढईत फिरवून कडक करा. हळद आणि हिंग अगदी शेवटी, कढई नुसती कोमट असताना.

ताटात पातळ पसरून पाऊण तास पूर्ण गार होऊ द्या. कोमट दळलं तर मिक्सरच्या भांड्याच्या झाकणाला आतून दव धरतं, तेच पाणी पुन्हा पिठात. छोट्या मिक्सरात तिसरा हिस्सा भरून वीस सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा वीस सेकंद. सलग दोन मिनिटं फिरवलं की पीठ तापतं, हिंगाचा आणि धण्याचा वास उडून जातो. मैद्याच्या चाळणीनं चाळा, वर राहिलेला रवा पुन्हा दळा. हा रवा फेकला तर मेतकूट फिकं लागतं, कारण धण्याची सालं आणि मेथी त्यातच राहतात.

गिरणीतून आणायचं असेल तर किलोभर तरी लागतं. भाजणीसाठी वेगळी चक्की आहे का विचारा. नसेल तर डाळीचं पीठ दळून झाल्यावर लगेच आपलं घालायला सांगा. ज्वारीनंतर चालेल, मिरचीच्या चक्कीवर मुळीच नको.

आधीचं कडू झालेलं आहे ना, ते टाकू नका. वरच्याच मापात मेथी न घालता आणखी तेवढंच करून त्यात मिसळा, कडूपणा निम्मा होतो. राहिलेला निम्मा दह्यात जातो : दोन मोठे चमचे मेतकूट, चार चमचे गोडसर दही, बारीक चिरलेला कांदा, मीठ, चिमूटभर साखर, वर हिंग-मोहरीची फोडणी. भाकरीबरोबर हे कडू मेतकूटही खपतं.

आणि भातावर मेतकूट वाढताना आधी तूप, मग मेतकूट. कोरड्या भातावर आधी मेतकूट टाकलं की त्याच्या गुठळ्या राहतात. शिजणाऱ्या भातात तर घालूच नका. डाळीचं पीठ आहे, भात पिठल्यासारखा आळतो आणि हिंगाचा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो, ताटात येत नाही.

शनिवारचा_वार

‘केळ्याची शिकरण’ की ‘केळ्याचं शिकरण’? आधी ते ठरवा, मग कृती.

जातंओवी

दोन्ही चालतं. वाटी रिकामी झाल्याशी मतलब.

दूधवाटी

‘ती’ म्हणून पुढे जातो.

शिकरणीत तीन गोष्टी बिघडतात : केळं, दुधाचं तापमान आणि वेळ. केळं चिरलं की हवा लागून काळं पडू लागतं, हे थांबत नाही, फक्त लांबवता येतं. दूध फाटतं त्याचं कारण केळ्यातला सौम्य आंबटपणा. गार दुधाला तो झेपतो, कोमट दुधाला झेपत नाही, बारीक कणी धरते. तुम्ही बहुधा तापवलेलं दूध पूर्ण गार न करता घालता. पिशवीतलं दूध उकळा, गार करा, फ्रिजमध्ये दोन तास ठेवा आणि थेट फ्रिजमधून काढून घ्या. साय काढून न टाकता मोडून घाला.

केळं हिरव्या देठाचं नको, तुरट लागतं आणि तो तुरटपणा साखरेनं झाकत नाही. पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके आलेलं घ्या. जळगावकडची मोठी केळी असतील तर दोन, म्हणजे सोलून साधारण २२० ग्रॅम. वेलची केळी असतील तर पाच. वेलची केळ्याची शिकरण चवीला वरचढ होते, पण ते केळं थोडं जरी अपुरं पिकलेलं असलं तरी आंबटसर असतं, तिथे जास्त जपा. कच्ची केळी फ्रिजमध्ये ठेवलीत तर साल काळी होते आणि आत पिकत नाहीत; बाहेर पिकवा, मग हवं तर एक दिवस फ्रिज.

कृती दोन मिनिटांची आहे. एक केळं वाडग्यात घेऊन दोन चहाचे चमचे साखर घाला आणि हातानं कुस्करा. साखरेचे दाणे केळं मोडायला मदत करतात आणि त्याच वेळी केळ्याचा रस सुटून साखर विरघळते. वरून दूध घालून मग साखर ढवळत बसलात तर ती तळाशीच राहते. आता २०० मिली गार दूध थोडं थोडं घालत हलवा. दुसऱ्या केळ्याच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करून शेवटी सोडा. एका वेलदोड्याची पूड, आणि मिठाचे चार कण. मीठ खरंच घालून बघा, साखर अर्धा चमचा कमी लागते.

मिक्सर नको. त्यात हवा भरली जाते, फेस येतो, काळी लवकर पडते, आणि मुळात ती शिकरण राहत नाही, दुकानातला मिल्कशेक होतो. शिकरण पोळीनं उचलता आली पाहिजे.

दुधात फरक पडतो. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, फुल क्रीममध्ये ६. टोन्डची शिकरण पाणीदार होते. तेच वापरायचं असेल तर दूध १५० मिली घ्या.

आणि पोळ्या झाल्यावर, पानं वाढल्यावर शिकरण करायची. पंधरा-वीस मिनिटांत संपली पाहिजे. डब्यात नेण्याचा पदार्थ नाही हा.

शनिवारचा_वार

दूध आणि केळं हा विरुद्धाहार आहे असं आयुर्वेदवाले सांगतात, तेवढं लिहून ठेवा.

दूधवाटी

लिहिलं. ज्याला सोसत नाही त्यानं खाऊ नये. इथे प्रश्न काळी का पडते हा होता.

एकखांबी

सगळ्यांचे आभार. भात सांगितल्याप्रमाणे केला : ६० ग्रॅम, ३०० मिली, ४०० वॅटवर चौदा मिनिटं. गोळा झाला नाही. पण भांड्याच्या तळाला थर घट्ट आणि वर पातळसर असा झाला. घोटल्यावर एकजीव झाला, तरी कारण कळलं तर बरं.

शिवाय आणखी दोन : तांदळाची उकड (गुठळ्या आणि कच्चट वास) आणि पोळीचा लाडू (एकदा भुगा, एकदा दगड).

मावळभात

थर झाला कारण भिजवताना तांदूळ तळाशी बसला आणि कुकर लावताना तुम्ही हलवला नाहीत. कुकरात ठेवण्याआधी एकदा चमचा फिरवा. घोटल्यावर एकजीव झाला ना, मग चिंता नाही.

फोडणीपुरतं

उकड घ्या.

गुठळी का होते ते आधी. पिठी कढत पाण्यात पडली की प्रत्येक ढेकळाची बाहेरची बाजू क्षणात शिजून चिकट होते, तिचं कवच बनतं आणि आत कोरडं पीठ अडकतं. नंतर कितीही ढवळा, ते कवच फुटत नाही. म्हणून पिठी गार ताकातच कालवायची. मोदकाच्या उकडीत पीठ उकळत्या पाण्यात घालतात ते वेगळं प्रकरण, तिथे पुढे मळून गुठळ्या मोडता येतात. इथे मळायचं नाहीये.

एक वाटी पिठी, म्हणजे ८५ ग्रॅमच्या आसपास. दोन वाट्या आंबट ताक, एक वाटी पाणी. ताक आंबटच हवं, दोन दिवसांचं. गोड ताकाची उकड खळीसारखी लागते. पिठीत आधी अर्धी वाटीच ताक घालून दाट पेस्ट करा, गुठळी नाही याची बोटानं खात्री करा, मग उरलेलं ताक आणि पाणी. मीठ एक सपाट चहाचा चमचा.

फोडणी : दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, पाव चमचा हळद, दोन हिरव्या मिरच्या, सात-आठ कढीपत्त्याची पानं, सहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या. लसूण की आलं यावर पुण्यात दोन पक्ष आहेत आणि प्रत्येकाच्या मते समोरच्याला उकड येत नाही. मी लसूणवाल्यांत. लसूण कडेनं सोनेरी झाली की मिश्रण ओता, पण ओतण्याआधी एकदा तळापासून ढवळा, पिठी खाली बसलेली असते. ओतल्यापासून उलथनं थांबवायचं नाही. तीन-चार मिनिटांत घट्ट होऊन कडा सोडेल. इथे बहुतेक लोक ‘झाली’ म्हणून बंद करतात, आणि तोच तुमचा कच्चट वास. घट्ट होणं म्हणजे शिजणं नव्हे. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर सात मिनिटं वाफ द्या. इंडक्शनवर बूड लागत असेल तर कडेनं दोन चमचे पाणी सोडून झाका. झाकण काढल्यावर रंग मघापेक्षा किंचित पारदर्शक आणि तुकतुकीत दिसला की शिजली.

पिठी मोदकाची, म्हणजे धुऊन वाळवून दळलेली, असेल तर मऊ होते. भाकरीचं पीठ असेल तर जरा रवाळ, पाणी पाव वाटी जास्त घाला. ताक नुसतं कधी उकळू नका, फुटतं. पीठ त्याला धरून ठेवतं.

गरम उकडीत मध्ये खड्डा करून त्यात कच्चं शेंगदाणा तेल. तूप नाही. हे एवढं पाळा.

घडीची_पोळी

लाडवाचं थोडक्यात, कारण यात दोनच चुका होतात आणि तुमच्या दोन्ही झाल्या आहेत.

भुगा झाला तो तूप कमी आणि गूळ नुसता किसून घातल्यामुळे. दगड झाला तो गुळाचा पाक झाल्यामुळे.

रात्रीच्या चार घडीच्या पोळ्या, साधारण १६० ग्रॅम. ताज्या पोळ्यांत ओल जास्त असते, त्यांचा लगदा होतो, दहा-बारा तासांच्या शिळ्या हव्यात. हातानं तुकडे करून मिक्सरला तीन-चार झटके द्या, जाड रव्याएवढं पुरे. जास्त फिरवलं तर पीठ होतं आणि लाडू टाळूला चिकटतो. साधा पिवळा गूळ ६० ग्रॅम बारीक चिरून, साजूक तूप २५ ग्रॅम. चिक्कीचा गूळ नको, तो कडक होण्यासाठीच असतो. कढल्यात तूप तापवा, गूळ घाला, मंद आचेवर हलवा. गूळ नुसता विरघळून तुपात सैल झाला, अर्ध्या मिनिटात होतो, की लगेच बंद. बुडबुडा दिसला म्हणजे पाकाकडे निघालात. बंद करून कुस्करा त्यात ओता, कालवा, कोमट असतानाच सहा लाडू वळा. गार झाल्यावर वळत नाहीत, मग पुन्हा तव्यावर दहा सेकंद.

पोळी ओलीच असते, त्यामुळे लाडू एक दिवसाचा. पावसाळ्यात तर सकाळचा संध्याकाळी संपवा.

कुस्करा जास्त झाला तर गूळ न घालता कांदा-मिरचीच्या फोडणीत टाका, वर दोन चमचे ताक शिंपडून झाकण. फोडणीची पोळी. काही घरांत हिलाच माणिकपैंजण म्हणतात. नाव जड आहे, पदार्थ दहा मिनिटांचा.

ताटडावीउजवी

एक खुलासा, कारण अशा चर्चांत कुणीतरी ‘मेतकुटात डाळी असतात, प्रथिनं मिळतात’ म्हणतंच. भातावरचं दोन चहाचे चमचे मेतकूट म्हणजे आठ ग्रॅमच्या आसपास. त्यात प्रथिनं दीड ग्रॅम फार तर. ६० ग्रॅम तांदळाची चार-साडेचार. एकूण सहा. मोठ्या माणसाच्या रात्रीच्या जेवणाला ती कमीच. मेतकूट वाढवून उपयोग नाही, हिंग-मेथीनं भात खाववणार नाही. बाजूला वाटीभर घट्ट दही घ्या, नाहीतर शेंगदाण्याची चटणी, नाहीतर उकडलेलं अंडं. भातात तांदळाच्या पावपट मूगडाळ घातली तरी चालतं, पण मग कुणी ‘ही खिचडी झाली’ म्हटलं तर वाद घालू नका.

घोटलेला मऊ भात मोकळ्या भातापेक्षा लवकर पचतो आणि रक्तातली साखरही लवकर वाढवतो. मधुमेह असेल तर आठवड्यातून चार वेळा हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

आणि उरलेला भात. तासाभरात गार करून झाकून फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात सकाळी फोडणीला टाकू नका, उष्णतेला दाद न देणारे जिवाणू त्यात वाढतात आणि फोडणीनं त्यांचं विष जात नाही. फोडणीच्या भाताला तसाही इंद्रायणी चालत नाही, त्यासाठी कोलम वेगळा शिजवा.

एकखांबी

उकड जमली. कच्चट वास गेला, सात मिनिटांच्या वाफेचाच फरक होता. लसणाच्या पक्षात नाव नोंदवतो.

शेवटचे दोन प्रश्न मेतकुटाचे. किती टिकतं? आणि दुकानात पिवळं पूड हिंग आणि खडा हिंग दोन्ही मिळतात, खडा घेतला तर अर्ध्या चमच्याऐवजी किती?

जातंओवी

काचेच्या कोरड्या बरणीत तीन महिने. जून ते सप्टेंबर फ्रिजमध्ये ठेवा आणि हवं तेवढंच वाटीत काढून बरणी लगेच आत, नाहीतर गार बरणीत बाहेरचं दव धरतं. बरणीत ओला चमचा गेला की पंधरा दिवसांत कुबट वास येतो, आणि तो आला की टाकायचं, भाजून परत येत नाही.

पूड हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, म्हणून अर्धा चमचा. खडा घेतलात तर मसुराच्या दाण्याएवढा पुरे. तो मऊ असतो, तसा मिक्सरात टाकला तर पात्याला चिकटून बसतो. थेंबभर तुपात फुलवून, गार करून, चमचाभर भाजलेल्या डाळीबरोबर आधी कुटून घ्या, मग दळणात. हरभऱ्याएवढा घातलात तर शेजारचा फ्लॅटही तुम्हाला विचारेल, बरं नाहीये का म्हणून.